रविवारपुरता आवाज

माझे वडील प्रेमळ होते असं कोणी म्हणालं तर तो माणूस त्यांच्याकडे गाडी शिकलेला नाही, हे खुशाल समजावं. बाबा ड्रायव्हिंग क्लास चालवायचे. शिकवताना इतके ओरडायचे की काचा बंद असूनही फुटपाथवरची माणसं वळून बघत. "क्लच सोड म्हटलं, जीव सोड नाही म्हटलं!" हे त्यातल्या त्यात सौम्य वाक्य. एक बँकेतले साहेब भर चौकात गाडीतून उतरून तरातरा घरी निघून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर. कारण मास्तरांच्या हाताखालून गेलेला माणूस कुठे ठोकत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

नावं त्यांना लक्षात राहायची नाहीत. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. आरशात न बघणारी 'आंधळी कोशिंबीर', गियर बदलायला घाबरणारा 'एकमार्गी', आणि सिग्नल हिरवा झाला तरी विचार करत बसणारे एक प्राध्यापक, त्यांचं नाव 'समिती'. ही नावं माणसांना जन्मभर चिकटली. समितींच्या मुलाच्या लग्नातही लोक त्यांना समिती म्हणत होते.

मला मात्र त्यांनी शिकवलं नाही. "घरच्याला शिकवायचं नाही. रस्त्यावरचं भांडण घरात येतं," हा त्यांचा नियम. सगळ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाची मुलगी चौतिशी आली तरी बसला लोंबकळत चष्म्याच्या दुकानात नोकरीला जात होती. यावरून आमची भांडणं व्हायचीच, म्हणजे नियमाचा उपयोग शून्य.

क्लास मुळात दोन भावांचा होता. बाबा शिकवायचे आणि काका लायसन्सचं बघायचे. काकांच्या सगळीकडे ओळखी, बोलणं लोण्यासारखं. एका शिकाऊ माणसाला रिव्हर्स काही केल्या जमत नव्हता. बाबा म्हणाले, अजून थोडे दिवस थांब. काकांनी त्याला परस्पर लायसन्स काढून दिलं. महिन्याच्या आत त्या माणसानं गल्लीच्या तोंडाशी गाडी मागे घेतली आणि तिथे टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईला भिंतीशी चिरडलं. तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काका म्हणाले, "लायसन्स आपण देतो का? ऑफिस देतं." बाबांनी त्याच संध्याकाळी शिडी लावून बोर्ड उतरवला आणि भावाशी बोलणं बंद केलं. त्या बाईकडे ते पुढे कितीतरी वर्षं जात राहिले. काका एकदाही गेले नाहीत. त्यांनी दोन चौक पलीकडे नवा क्लास काढला आणि तो जोरात चालला.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले की आता बरं करण्यासारखं काही उरलं नाही, दुखणं आटोक्यात ठेवू. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आमच्याकडे दवाखान्याच्या त्या पथकातली एक नर्स यायची. तिच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. तिनं पहिल्याच आठवड्यात औषधाची मात्रा बसवली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बाबा बसून नव्हे, आडवे होऊन झोपले. डॉक्टरांनीही गोलमोल सांगितलं नाही. "आवाज जाणार," ते म्हणाले. "जपून वापरलात तर काही आठवडे टिकेल. ओरडायचं मात्र नाही. आतली नस नाजूक झालीय, ताण पडला तर रक्त येईल आणि होता तो आवाजही जाईल."

बाबांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर पलंगाच्या कडेला बसून, फाटक्या कर्ण्यासारख्या आवाजात मला म्हणाले, "रविवारपासून गाडी शिकवतो तुला."

"आता?"

"मग कधी? आईचे गुडघे असे. तिला दवाखान्यात कोण नेणार, तुझी बस?"

"पाटीवर लिहून शिकवा. बोलू नका," आई म्हणाली.

तिच्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की बिचारी समितीच झाली. गाडी शिकणाऱ्याची नजर रस्त्यावर पाहिजे. ती पाटीकडे गेली की संपलं. हातवारे केले तरी तेच. गाडी कानानंच शिकावी लागते, आणि शिकवणाऱ्याला घसा लागतोच. म्हणून त्यांनी ठरवलं की सोमवार ते शनिवार तोंड उघडायचं नाही, उरलेला आवाज रविवारपुरता राखायचा. जन्मात कधी गप्प न बसलेला माणूस, पण आठवडाभर तोंडातून हूं की चूं नाही. पाणी हवं तर पेला वाजवायचा, आणि फारच राग आला तर पाटीवर शिवी लिहून आम्हाला दाखवायची.

याच सुमारास आमच्या घरात ती विद्यार्थिनी आली.

समाजकार्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींना प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. कोणी शाळेत जातं, कोणी कारखान्यात, कोणी निराधार बायकांच्या संस्थेत. काहींना या नर्सच्या पथकाबरोबर घरोघर पाठवतात. आमच्या वाट्याला आलेली मुलगी गोड होती. तिचा दुपट्टा गोड, आवाज गोड, मान कलती करून बघणं गोड. प्रत्येक प्रश्नाआधी ती परवानगी मागायची. "मी तुम्हाला एक विचारू का?" मग थांबायची. मग विचारायची. पहिली भेट संपवून ती जिना उतरली आणि बाबांनी पाटीवर लिहिलं: 'इंडिकेटर'. नामकरण झालं.

इंडिकेटर मनानं वाईट नव्हती, हे मला आजही कबूल करायचं नाही, पण करते. एकदा जिन्यात ती माझ्याशी मोकळेपणी बोलली. तिच्या वर्गात हे काम कोणालाच नको होतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिच्या मैत्रिणीच्या नावावर हे आलं तर ती वर्गात रडली, म्हणून हिनं अदलाबदल केली. "लहान मुलांबरोबर काम केलं की फरक दिसतो ना, ताई. मूल शाळेत जायला लागतं. इथे केस सुधारतच नाही. काहीजण म्हणतात की यात सोशल वर्क काय आहे, हे तर नर्सिंग आहे. एक मुलगा म्हणाला, जे जाणारच आहेत त्यांच्यावर आपले तास कशाला घालवायचे?"

"तो मुलगा निदान खरं बोलतो," मी म्हणाले.

"पण आमच्या मॅडमनी छान समजावलं. शांत मनानं, सगळ्यांशी सलोखा करून गेलेला माणूस हेसुद्धा आपलं यशच असतं."

मला तेव्हाच धोका कळायला हवा होता असं वाटतं, पण कळण्यासारखं तरी काय होतं त्यात! दिसायला साधं वाक्य. पण या पोरीला आमच्या घरून यश न्यायचं होतं, आणि यश म्हणजे काय ते तिच्या मॅडमनी आधीच ठरवून दिलं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानात गेलो. बाबा डाव्या सीटवर, मांडीवर टॉवेल, औषध पोटात. एरवी एका चुकीला दहा वाक्यं खर्च करणारा माणूस आता एका चुकीला एक शब्द देत होता. "आरसा." "हळू." "दुसरा." मी गचके देत होते. गाडी बंद पडली की ते डोळे मिटायचे, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांमागे काय काय शिव्या चालल्या असतील ते मला स्वच्छ ऐकू यायचं. दुसऱ्या रविवारी रस्त्यावर. तिसऱ्या रविवारी पुलाच्या चढावर अर्ध्यात थांबवून पुन्हा चढवायला लावलं. मागे ट्रक. मला दरदरून घाम फुटला. "घाबरू नको," असं ते म्हणाले नाहीत. "ट्रकवाला माझ्याकडेच शिकलाय," म्हणाले. एवढं लांब वाक्य! मी हसले आणि गाडी चढली. आता फक्त रिव्हर्स राहिला होता. तो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, का ते सांगायला नको.

इकडे इंडिकेटर आठवड्यातून दोनदा यायची आणि बाबांची शांतता बघायची. मी तिला सरळ सांगितलं, "ते आवाज राखून ठेवतायत. रविवारी मला गाडी शिकवतात."

तिचे डोळे भरून आले. "किती सुंदर प्रतीक आहे हे!"

"प्रतीक नाही. गाडी आहे. खाली उभी आहे, बघ जाताना."

"हो हो," ती म्हणाली, आणि तिनं ते ऐकलं नाही. तिच्या पुस्तकात गप्प माणूस म्हणजे मनात काहीतरी कोंडलेला माणूस. राखून ठेवणारा माणूस त्या पुस्तकात नव्हता. मग काय कोंडलंय ते शोधणं आलं. तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं. आई कांदा न चिरताही रडणारी बाई. तिनं काकांचं सगळं रामायण सांगितलं. इंडिकेटर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा हरवलेली किल्ली सापडल्यासारखा झाला होता.

ती बाबांसमोर बसली. "मी तुम्हाला एक विचारू का?" थांबली. "तुमच्या भावाला भेटावंसं वाटतं का?"

बाबांनी पाटीवर लिहिलं: 'नाही.' खाली रेघ मारली. मग पाटी तिच्या नाकासमोर धरली.

माणसानं 'नाही' म्हटलं की नाही. दुकानात गिऱ्हाईक फ्रेम नको म्हणालं तर मी ती त्याच्या नाकावर ठोकून बसवत नाही. पण या मुलांना शिकवतात की पहिला नकार हा वरवरचा असतो, त्याच्या पलीकडे जायचं. ती पलीकडे गेली. तिनं काकांना फोन केला.

शुक्रवारी दुपारी मी जेवायला घरी आले तर जिन्यात ओळखीच्या अत्तराचा वास. दार उघडं. आई पदर तोंडाला लावून भिंतीशी, इंडिकेटर पलंगाच्या पायथ्याशी हात जोडून उभी, आणि काका बाबांच्या उशाशी वाकलेले. काकांनी केस काळे केले होते. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हेच तर जास्त चीड आणणारं.

"दादा, झालं गेलं विसर. मी आलोय ना आता."

मी म्हणाले, "काका, बाहेर या."

इंडिकेटरनं माझ्या दंडावर हलकेच हात ठेवला. "ताई, त्यांना वेळ द्या ना."

बाबा कोपरावर उठले. त्यांनी पाटी शोधली नाही. ती हाताशीच होती, तरी शोधली नाही. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि त्या खोलीत, कित्येक महिन्यांनी, त्यांचा खरा आवाज आला. क्लासच्या गाडीतला, काचा हादरवणारा.

"पाय आणलास का तिचा? पाय आणलास? हरामखोरा, हातात पाय घेऊन ये, मग दादा म्हण!"

आणखीही बोलले. मग शब्दांच्या जागी खरखर आली, मग रक्त. टॉवेल लाल झाला. काका दारापर्यंत मागे मागे गेले. मी नर्सला फोन लावला. ती धावत आली, रक्त थांबलं, बाबा वाचले. आवाज मात्र वाचला नाही. घशातून नुसती हवा यायची.

इंडिकेटर जिन्याच्या पायरीवर रडत बसली होती. मी तिला ओलांडून खाली गेले, औषधं आणली आणि तिला ओलांडून वर आले. पुढच्या खेपेला ती माफी मागायला आली तेव्हा बाबांनी पाटीवर लिहिलं: 'उद्यापासून नको. बदलीला दुसरी कोणीही नको.' यावेळी तिला नकार कळला.

रक्त आलं त्या शुक्रवारनंतरच्याच रविवारी सकाळी बाबांनी बूट घातले. आई नको नको म्हणत होती. आम्ही खाली गेलो. ते डावीकडे बसले, मी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि वाट बघितली. त्यांनी तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. मग पाटीवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं, मी वाचायला मान वळवली, आणि गाडी मागे गटाराकडे घसरली. त्यांनी आपल्या बाजूचा, क्लासच्या गाडीला असतो तो, ब्रेक दाबला.  पाटीवर 'डावा आरसा' लिहिलेलं होतं. मग ते उतरले, कठड्याला धरून जिना चढले, पलंगावर बसून त्यांनी बूट काढले आणि आईला ते माळ्यावर टाकायला खुणेनं सांगितले. पुढच्या महिन्यात ते गेले.

काही दिवसांनी कॉलेजातून मॅडमचा फोन आला. मुलं आपापल्या कामाचं सादरीकरण करणार होती, कुटुंबीयांनी यावं, त्यांचं म्हणणं मुलांना फार शिकवून जातं वगैरे. मी जाणार नव्हते. आई म्हणाली, जाऊन ये, मनातलं बोल एकदा. मी गेले. बोलायलाच गेले.

वर्गात पंखे फिरत होते आणि पडद्यावर आमच्या गाडीचं चित्र होतं. खरी नाही, इंटरनेटवरची कुठली तरी लाल. खाली लिहिलं होतं: 'प्रवास'. पहिल्या रांगेत, हातात रुमाल घेऊन, काका बसले होते. त्यांनाही बोलावलं होतं.

इंडिकेटर बोलली.  ती म्हणाली की तिच्या हातून घाई झाली असेल, पण आजोबांनी वर्षानुवर्षं दाबलेला राग अखेर मोकळा केला, आणि त्यानंतर ते शांत झाले.  शांत झाले म्हणे! मॅडमनी मान डोलावली. मग मुलांची मतं सुरू झाली. एक मुलगी म्हणाली की आधी तिला हे क्षेत्र निराशाजनक वाटायचं, आता सुंदर वाटतं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला की त्याला अजूनही वाटतं, जिथे बदल घडत नाही तिथे सोशल वर्करनं जाऊ नये. मॅडम म्हणाल्या, "पण इथे बदल घडला ना! दोन भाऊ भेटले."

तेवढ्यात काका उभे राहिले. रुमाल डोळ्यांना लावला. "मी फार बोलत नाही. एवढंच सांगतो, माझा दादा शेवटचं कोणाशी बोलला असेल तर माझ्याशी. हे भाग्य या मुलीमुळे मिळालं."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या.

"काका," मी बसल्या जागेवरून म्हणाले, "काय बोलले ते पण सांगा की मुलांना."

"आता शब्दांना काय महत्त्व, बाळा. भावना..."

"यांना शिकायचंय. सांगा."

काका खाली बसले. मग मीच उठले आणि सांगितलं. जसंच्या तसं, बाबांच्या पट्टीत, पायासकट आणि शिवीसकट. इस्त्रीवालीचंही सांगितलं, लायसन्सचंही.  काका रुमाल खिशात कोंबून उठले आणि कोणाकडे न बघता निघून गेले. मॅडम म्हणाल्या, "तुमचा राग अगदी स्वाभाविक आहे."

"माझ्या रागाला सर्टिफिकेट नकोय मला," मी म्हणाले. "मागच्या बाकावरच्या या मुलाला तुम्ही गप्प केलंत. तो म्हणतो जाऊ नये. त्याचं ऐकून आमच्याकडे कोणी आलं नसतं तर बरं झालं असतं. मेलेल्या माणसाला समजून घ्यायला तुमची फौज आहे, जिवंत माणसानं पाटीवर दोन अक्षरं लिहिली तर ती वाचवत नाहीत. त्यांना माफ करायचं नव्हतं. त्यांना रविवारी मला गाडी शिकवायची होती. त्यासाठी जेवढा आवाज लागत होता तेवढा त्यांनी पोटाला चिमटा काढून साठवला होता, आणि तुम्ही तो त्या माणसावर खर्च करायला लावलात."

 एक मुलगी रडायला लागली, तिच्या पाठीवरून दुसरीनं हात फिरवला. या मुलांना तेवढं छान जमतं. मी पर्स उचलली.

इंडिकेटर अजून पडद्याजवळच उभी होती, त्या लाल गाडीचा प्रकाश तिच्या अंगावर पडलेला. तिनं विचारलं, "आणि तुमच्याशी? तुमच्याशी शेवटचं काय बोलले?"

"तुझ्या फोनच्या आधीच्या रविवारी. पुलावरून परत येताना."

"काय?"

"पुढच्या रविवारी रिव्हर्स."

मी बाहेर पडले आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.